गेमिंग पीसी कधी अपग्रेड करावा: नाशिककर गेमर्सचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक आणि आसपासच्या गेमर्सकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे गुंतागुंतीचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एक गोष्ट बहुतेक उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल: आधी मोजा, मग पैसे काढा. बरेच जण चुकीचा पार्ट घेतात आणि मग पीसीला दोष देतात. विशेषतः पॉकेटमनी साठवून ग्राफिक कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा पार्ट) घेणाऱ्या मुलांचे पैसे असे वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

१. माझा पीसी पाच वर्षांचा झाला. आता बदलायलाच हवा ना?

वयावरून ठरवू नका. तुम्ही खेळता तो गेम, तुमच्या मॉनिटरवर, तुम्हाला चालेल अशा सेटिंगवर नीट चालत असेल तर काहीही बदलायची गरज नाही. २०१९ चा पीसी व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ साठी आजही पुरेसा असू शकतो, आणि गेल्या वर्षी घेतलेला पीसी एखाद्या नव्या गेममध्ये धापा टाकू शकतो.

खर्च करावा अशी कारणं मोजकीच आहेत. खेळायचा गेम सेटिंग मध्यम करूनही ६० एफपीएस (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) देत नाही. सरासरी एफपीएस बरे दिसतात पण दर काही सेकंदांनी गेम अडखळतो. गेम सुरूच होत नाही, कारण कार्डात किंवा सीपीयूत (पीसीच्या मुख्य प्रोसेसरमध्ये) लागणारी सोय नाही. किंवा तुम्ही १०८०पी वरून १४४०पी मॉनिटरवर जाताय. यापैकी काही लागू होत असेल तर प्रश्न २ कडे जा. होत नसेल तर पैसे बँकेत राहू द्या.

अपग्रेडमुळे एफपीएस साधारण दीडपट होत नसतील तर खेळताना फरक जाणवत नाही, असं आमचं मत आहे. ६० चे ७० झाले तर आकडा बदलतो, अनुभव तोच राहतो.

२. नेमका कोणता पार्ट कमी पडतोय हे घरबसल्या कसं ओळखायचं?

पार्टचे आकडे दाखवणारं एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका. कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी ते चालतं आणि त्यासोबत हे आकडे गेमवर दाखवणारा रिव्हाट्यूनरही येतो. गेम चालू असताना कोपऱ्यात या गोष्टी दिसतील असं सेटिंग करा: जीपीयू (ग्राफिक कार्डाची चिप) वापर, जीपीयू तापमान, जीपीयू क्लॉक (चिपचा वेग), व्हीरॅम (कार्डाची मेमरी), सीपीयूच्या प्रत्येक कोरचा वापर, सीपीयू तापमान, रॅम आणि फ्रेमटाइम (एका चित्राला लागणारा वेळ). व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद करा. नंतर नेहमी त्रास होतो त्याच मॅपवर पंधरा मिनिटं खेळा. दोन मिनिटांत कार्ड पुरतं गरमही होत नाही, त्यामुळे तेवढ्यावरचं वाचन धरू नका.

आता आकडे वाचा. जीपीयू वापर ९५ ते ९९ टक्के आणि एफपीएस कमी, तर ग्राफिक कार्ड कमी पडतंय. जीपीयू ६० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि तरी एफपीएस कमी, तर सीपीयू मागे पडतोय. इथे हमखास फसगत होते ती सीपीयूच्या एकूण टक्केवारीमुळे. एकूण वापर ४० टक्के दिसतो, म्हणून लोक सीपीयूला निर्दोष सोडतात. पण गेमचं मुख्य काम बहुधा एक-दोन कोरवर चालतं. ते कोर ९५ टक्क्यांवर असतील तर बाकीचे मोकळे असून उपयोग नाही. म्हणूनच कोरनिहाय वापर पाहायला सांगितलं.

शंका राहिली तर रेझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. एफपीएस चांगले वाढले तर अडचण कार्डाची. जवळपास तेवढेच राहिले तर सीपीयूची किंवा रॅमची.

व्हीरॅम काठोकाठ भरली असेल आणि भिंतींचे, कपड्यांचे पोत उशिरा उमटत असतील, तर फक्त टेक्स्चर सेटिंग एक पायरी खाली आणा. अडखळणं थांबलं तर कार्डाचा वेग पुरेसा आहे, मेमरी कमी आहे. रॅम ९० टक्क्यांच्या वर गेली आणि त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसली, तर प्रश्न ४ पाहा. जीपीयूचं किंवा सीपीयूचं क्लॉक खेळता खेळता खाली येत असेल तर प्रश्न ११.

३. खर्च न करता आधी काय करून बघता येईल?

बरंच काही. खालची कामं एका संध्याकाळी होतात.

मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाला लावली आहे का ते बघा. मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावलेली असेल तर गेम बहुतेक वेळा सीपीयूमधल्या साध्या ग्राफिक्सवरच चालतो. नंतर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (मॉनिटर सेकंदाला किती चित्रं दाखवतो ते) पाहा. १६५ हर्ट्‌झचा मॉनिटर घेऊन महिनोन्‌महिने ६० हर्ट्‌झवर खेळणारे कमी नाहीत.

रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (तिला लिहिलेल्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) चालू करा. एएमडीच्या नव्या बोर्डांवर त्याला एक्सपो म्हणतात. ते बंद असेल तर ३२०० ची डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते. रायझनवर हा फरक गेममध्ये सरळ दिसतो. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर चार स्लॉटच्या बोर्डवर त्या सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. शेजारी-शेजारी बसवल्या तर दोन्ही बहुधा एकाच चॅनलवर (सीपीयूकडे जाणाऱ्या मार्गावर) जातात.

त्यानंतर धूळ. सीपीयू कूलरचा पंखा काढून खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांकडे बघा. बाहेरून पंखा स्वच्छ दिसतो, पण पंखा आणि पात्यांच्या मधोमध धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो आणि हवा खाली उतरतच नाही. ब्लोअरने तो काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, कारण पंखा वाऱ्याने जोरात फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. पीसीची वायर काढूनच हे काम करा, आणि व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डाला लावू नका, त्यातून स्टॅटिक चार्ज निर्माण होतो. तीन वर्षांहून जुनी थर्मल पेस्ट असेल तर पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावा. इंटेलचा डब्यातला कूलर परत बसवताना चारही पिना खटकन बसल्याची खात्री करा. एक पीन जरी अर्धवट राहिली तर सीपीयू थेट १०० अंशांना टेकतो.

कॅबिनेट भिंतीला किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात चिकटवून ठेवलेलं असेल तर बाहेर काढा. हे सगळं झाल्यावर प्रश्न २ मधली चाचणी पुन्हा करा, कारण आकडे बदललेले असू शकतात.

४. ८ जीबी रॅम आहे. १६ करू की ३२?

१६ जीबी आज किमान आहे. ८ जीबीवर विंडोज, डिस्कॉर्ड आणि क्रोम उघडे ठेवून गेम सुरू केला की रॅम भरते, विंडोज डिस्कवर लिहू लागतं आणि गेम अडखळतो. ३२ जीबी कोणी घ्यावी? मोठे ओपन-वर्ल्ड गेम खेळणाऱ्यांनी, मॉड टाकणाऱ्यांनी, किंवा सोबत स्ट्रीमिंग आणि एडिटिंग करणाऱ्यांनी. फक्त व्हॅलोरंट खेळणाऱ्याला ३२ जीबीने काही मिळत नाही.

८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी टाकल्याने दुहेरी फायदा होतो: जागा वाढते आणि ड्युअल चॅनल सुरू होतं. दुसरी पट्टी शक्यतो त्याच कंपनीची, त्याच वेगाची घ्या. वेगळी घेतली तर दोन्ही पट्ट्या कमी वेगाच्या पट्टीप्रमाणे चालतात, आणि कधी कधी एक्सएमपी चालू केल्यावर पीसी सुरूच होत नाही.

२०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमच्या किमती जोरात चढल्या. हा भाव लक्षात घेऊनच डीडीआर५ (नव्या पिढीच्या रॅम) वर जायचा हिशेब मांडा (प्रश्न ७). अशा काळात जुनी डीडीआर४ विकून टाकायची घाई करू नका. वापरलेली रॅम घेण्यात धोका कमी असतो, फक्त घरी आणल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ चालवा. एकही चूक दाखवली तर पट्टी परत करा.

५. एसएसडी टाकली तर एफपीएस वाढतील का?

सरासरी एफपीएस जवळपास तेवढेच राहतील. मॅप लोड होण्याचा वेळ आणि मोठ्या मॅपवर फिरतानाचं अडखळणं मात्र खूप कमी होतं, आणि काही नव्या गेमना आता एसएसडी लागतेच. अजून हार्ड डिस्कवर असाल तर सगळ्यांत आधी हाच खर्च करा. बोर्डवर एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डवर बसवायची जागा) नसेल तर साधी, केबलने जोडायची साटा एसएसडीही पुरते. गेममध्ये साटा आणि एनव्हीएमई (एम.२ मध्ये बसणारी वेगवान एसएसडी) यांतला फरक फारसा जाणवत नाही. एक अडचण मात्र नेहमी येते: काही बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरला की ठरावीक साटा पोर्ट बंद होतात. नवी एसएसडी लावल्यावर जुनी डिस्क दिसेनाशी झाली तर ती मेली असं समजू नका, तिची केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

६. जुना चौथ्या पिढीचा आय५ आहे. त्यात नवीन ग्राफिक कार्ड चालेल का?

बहुधा चालेल, पण पूर्ण ताकद मिळणार नाही. चार कोर, चार थ्रेडचा सीपीयू आजच्या गेममध्ये कार्डाला वेळेवर काम पुरवू शकत नाही. वेग भरपूर, पण दर क्षणी झटका, असा अनुभव येतो. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय५ किंवा आय७ असेल तर अडचण आणखी मोठी: त्यात एव्हीएक्स२ (सीपीयूच्या सूचनांचा एक संच) नाही, आणि काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. त्या काळच्या एच६१ बोर्डांपैकी काहींवर नव्या कार्डाचा डिस्प्लेही येत नाही.

अशा पीसीत महाग कार्ड टाकायचंच असेल तर एकाच हिशेबाने टाका: सहा महिन्यांत बोर्ड, सीपीयू आणि रॅम बदलणार आहात आणि हेच कार्ड पुढे नेणार आहात. तसा बेत नसेल तर आहे त्यावर चालणारे गेम खेळा आणि पैसे साठवा. जुन्या एच६१ किंवा एच८१ बोर्डवर सेकंड हँड आय७ वा झिऑन (इंटेलचा सर्व्हरसाठीचा सीपीयू) टाकून ‘अपग्रेड’ करायचा सल्ला बाजारात मिळतो. त्यात पैसे घालू नका.

७. मदरबोर्ड तोच ठेवून फक्त सीपीयू बदलता येतो का?

सॉकेटवर (सीपीयू बसतो त्या खाचेवर) अवलंबून आहे. सर्वांत नशीबवान एएम४ (एएमडीचं रायझनसाठीचं सॉकेट) वाले आहेत. २०१७ च्या पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून ५००० मालिकेचा रायझन चालतो. रायझन ५ १६०० किंवा २६०० वरून ५६०० वर गेलात तर बोर्ड, रॅम, कूलर सगळं तेच ठेवून मोठी उडी मिळते. ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी रास्त भावात मिळाला तर तो पीसी आणखी काही वर्षं आरामात जाईल. रॅम महाग असताना एएम४ वाल्यांनी डीडीआर५ लागणाऱ्या एएम५ या नव्या सॉकेटकडे धावू नये, असं आम्ही स्पष्ट सांगू.

इंटेलमध्ये एवढी मोकळीक नाही. सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी यांचं सॉकेट दिसायला सारखं, एलजीए ११५१, पण बोर्ड अदलाबदल होत नाहीत. दहावी-अकरावी एलजीए १२०० वर, बारावी ते चौदावी एलजीए १७०० वर. बाराव्या पिढीचा आय३ असेल तर त्याच बोर्डवर आय५ किंवा आय७ बसू शकतो, मात्र स्वस्त एच६१० बोर्डवर जास्त वॅटचा सीपीयू बसवू नका. त्याचा पॉवर विभाग तापतो आणि सीपीयूचा वेग उतरतो.

सीपीयू काढण्याआधी क्रमाने हे करा:

- बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर, तुमच्या बोर्डाच्या नेमक्या रिव्हिजनसमोर, नवा सीपीयू कोणत्या बायोसपासून चालतो ते पाहा.
- जुना सीपीयू असतानाच बायोस अपडेट करा. मध्येच लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, म्हणून यूपीएसवर करा.
- बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर आधी थांबवा आणि रिकव्हरी की लिहून ठेवा. सीपीयू बदलला की त्यातला टीपीएम (सुरक्षेच्या की ठेवणारा भाग) नवा होतो आणि विंडोज की मागतं.
- एएम४ वर कूलर काढण्याआधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग पीसी बंद करून कूलर हलके पिळत काढा. सरळ ओढला तर बंद सॉकेटमधून सीपीयू कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात.

बोर्ड, सीपीयू आणि रॅम तिन्ही बदलावे लागत असतील तर तो नवा पीसीच समजा. जुनं कॅबिनेट, एसएसडी, मॉनिटर आणि चांगला असेल तर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) पुढे न्या.

८. ८ जीबीचं ग्राफिक कार्ड घेऊ की जास्त व्हीरॅमचं?

१०८०पी वर ई-स्पोर्ट्‌स गेम खेळत असाल तर ८ जीबी पुरेल. नवे मोठे गेम हाय टेक्स्चरवर खेळायचे असतील आणि कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर ८ जीबीवर नवे पैसे घालू नका. १२ किंवा १६ जीबीचं घ्या, लागलं तर त्यासाठी दोन महिने थांबा. टेक्स्चर सेटिंग वाढवल्याने कार्डाचा वेग फारसा खर्ची पडत नाही, पण चित्र खूप सुधारतं. मेमरी कमी असेल तर नेमकी हीच सोय हातची जाते. मेमरी ओसंडली की डेटा पीसीआय स्लॉटमधून रॅमकडे जातो-येतो, आणि आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० सारखी आठ लेनची (डेटाच्या आठ वाटांची) कार्डं जुन्या पीसीआय ३.० बोर्डवर तिथे जास्त अडखळतात.

उलट चूकही करू नका. मंद कार्डावर मेमरी जास्त असली म्हणून ते वेगवान होत नाही.

९. नवीन कार्डासाठी एसएमपीएस बदलावा लागेल का?

जुन्यावर वॅट किती लिहिलेत यापेक्षा तो कोणत्या दर्जाचा आहे ते महत्त्वाचं. कॅबिनेटसोबत फुकट आलेला, ‘४५० वॅट’ लिहिलेला, उचलला तर हलका लागणारा एसएमपीएस ग्राफिक कार्डासाठी वापरूच नका. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या ओळीतले अँपियर वाचा आणि १२ ने गुणा. उत्तर लिहिलेल्या वॅटच्या जवळपास यायला हवं. ४५० लिहिलंय आणि १२ व्होल्टवर १८ अँपियर म्हणजे फक्त २१६ वॅट. कार्ड आणि सीपीयू दोघेही याच ओळीवरून वीज घेतात.

कार्डांची भूक साधारण अशी: आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, ५०६० ला १४५, ३०६० ला १७०, आरएक्स ५८० ला १८५, आरटीएक्स ३०८० ला ३२०. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या केबलमधून ७५, ८ पिनच्या केबलमधून १५०. पहिल्या तीन कार्डांपैकी कुठलंही असेल तर चांगल्या कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा दर्जा) पुरतो. पुढेही मोठं कार्ड घ्यायचं असेल तर ६५० किंवा ७५० घ्या, एसएमपीएस दोन-तीन पीसींपर्यंत टिकतो.

मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या जोडणीवरून) ८ पिन बनवणारं अडॅप्टर दुकानदाराने हातात ठेवलं तर परत करा. ती जोडणी एवढ्या करंटसाठी नसते आणि वितळते. मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नका. खाच जुळते, पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि एसएसडीपासून बोर्डपर्यंत काहीही जळू शकतं.

कमजोर एसएमपीएसची खूण ही: गेममध्ये ऐन गर्दीच्या वेळी पीसी निळा पडदा न दाखवता थेट बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो, आणि तापमान मात्र ठीक असतं.

१०. लाइट जाते-येते. यूपीएस कोणता घ्यावा? इन्व्हर्टर पुरेल का?

६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो. रायझन ५६०० आणि आरटीएक्स ४०६० चा पीसी मॉनिटरसह त्यात कसाबसा बसतो, त्याहून मोठं कार्ड असेल तर १००० ते ११०० व्हीए घ्या आणि खोक्यावर व्हीए न पाहता वॅट पाहा. पावसाळ्यात महावितरणची लाइट मिनिटभरासाठी जाते, तेवढ्यात गेम सेव्ह करून पीसी बंद करता यायला हवा, एवढीच यूपीएसकडून अपेक्षा ठेवा. स्वस्त यूपीएसची लहर खरी साइन लहर नसते, काही एसएमपीएस त्यावर लाइट गेल्या क्षणी बंद होतात. घरच्या इन्व्हर्टरवर गेमिंग पीसी टाकू नका, त्यातले बरेचसे लाइट गेल्यावर बॅटरीवर जायला पीसीला सोसवत नाही एवढा वेळ घेतात.

सातपूर, अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींलगत राहत असाल किंवा जुन्या वाड्यात वायरिंग जुनं असेल तर आधी अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कोणताही पार्ट घेण्याआधी हे काम करा.

११. जानेवारीत गेम मस्त चालत होता, मे महिन्यात अडकतो. कार्ड गेलं का?

बहुतेक नाही. खोलीचं तापमान जेवढं वाढतं, जवळजवळ तेवढंच पार्टचं वाढतं. निफाडला पारा सहा-सात अंशांवर असताना, म्हणजे खोली वीस अंशांची असताना, ७० अंशांवर चालणारं कार्ड एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ८५ च्या आसपास जातं आणि स्वतःचा वेग कमी करतं. म्हणून पीसीची खरी परीक्षा उन्हाळ्यात, दुपारी करावी. थंडीत घेतलेला आणि थंडीतच तपासलेला पीसी फसवतो.

सीपीयूचं बघायचं तर रायझन ५००० ची मर्यादा मॉडेलप्रमाणे ९० ते ९५ अंश, रायझन ७००० च्या बहुतेकांची ९५, इंटेलच्या बहुतेकांची १००. मर्यादेच्या खाली राहिला तर नुकसान नाही, पण मर्यादेला टेकून बसला तर वेग जातो.

उपाय क्रमाने: धूळ (प्रश्न ३), पुढून हवा आत घेणारे दोन आणि मागून बाहेर फेकणारा एक पंखा, आणि नंतर कार्डाचं अंडरव्होल्टिंग. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल-एफ दाबून वक्र उघडा, कमी व्होल्टेजवर जवळपास तेवढंच क्लॉक ठेवा. एफपीएस फारसे न घटता तापमान बरंच उतरतं. ते नको असेल तर पॉवर लिमिट ८० टक्के करा, एका मिनिटाचं काम आहे. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते खोदलेल्या भागात खिडकीशी कॅबिनेट असेल तर जाळी दर पंधरवड्याला काढून झटका.

१२. जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० वर अजून किती दिवस काढता येतील?

जुने गेम आणि ई-स्पोर्ट्‌ससाठी अजून बरेच. पण एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. १६५० आणि १६६० त्यात नाहीत, त्यांना ड्रायव्हर मिळत आहेत. शिवाय डूम: द डार्क एजेससारख्या गेमना हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशाचा मार्ग मोजणारी कार्डातली सोय) लागतं, ते जीटीएक्स कार्डांवर नाही, त्यामुळे सेटिंग कितीही खाली आणलं तरी उपयोग नाही. तुमच्या यादीत असे गेम असतील तरच घाई करा.

१३. विंडोज १० बंद झालं म्हणून नवा पीसी घेऊ का?

फक्त तेवढ्यासाठी नको. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.०, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सेटिंग) आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा किंवा रायझन २००० पासून पुढचा सीपीयू लागतो. बऱ्याच पीसींत टीपीएम असतो, फक्त बायोसमध्ये बंद असतो. इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने शोधा.

विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन्ही गोष्टी मागतो. सिक्युअर बूट चालू करण्याआधी डिस्क जीपीटी (विभागणीच्या नव्या) प्रकारची आहे का ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहा. एमबीआर (जुन्या प्रकारची) असताना सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची बायोसमधली सोय) बंद केलं तर विंडोज उघडणारच नाही. बॅकअप घ्या, विंडोजच्या एमबीआर२जीपीटी साधनाने डिस्क बदला, मग बायोसला हात लावा.

१४. सेकंड हँड कार्ड घ्यावं का? मायनिंगचं असेल तर?

भाव योग्य असेल आणि चालवून बघता येत असेल तर घ्यावं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग (कार्डं अखंड चालवून चलन मिळवणं) बंद झालं तेव्हा ढिगाने कार्डं बाजारात आली, त्यांतली बरीच अजून हातोहात फिरतात. मायनिंगमध्ये चिप फारशी झिजत नाही. झिजतात पंखे, थर्मल पॅड आणि मेमरी.

विकणाऱ्याच्या पीसीवर लावून पाहा, खिशातल्या पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) घेऊन जा. आरएक्स ५८० च्या नावाखाली ‘२०४८एसपी’ विकलं जातं. त्यात शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे घटक) २०४८ असतात, अस्सलमध्ये २३०४, म्हणजे ते खरंतर ५७० च्या पंगतीतलं. कार्डातलं बायोस बदलून जुन्या कार्डाला १०५० टीआय बनवलेलंही असतं. अस्सल १०५० टीआयमध्ये शेडर ७६८ असतात, आणि जीपीयू-झेड बहुतेक वेळा बनावट कार्डासमोर तसं लिहून दाखवतं. मग वीस मिनिटं जड गेम चालवा. पडद्यावर ठिपके, चौकोन, रंगीत रेघा दिसल्या तर निघा. मुख्य तापमान आणि हॉट स्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) यांच्यात ३० अंशांहून जास्त अंतर असेल तर पेस्ट गेली आहे, तेवढे पैसे कमी करून मागा. मूळ जीएसटी बिल मागा, कारण वॉरंटी शिल्लक असेल तर ते लागू शकतं. ओव्हनमध्ये ‘भाजून’ किंवा हीट गनने दुरुस्त केलेलं कार्ड कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका, काही आठवड्यांत पुन्हा जातं.

१५. नाशिकलाच घेऊ, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊ, की ऑनलाइन?

एखादाच पार्ट असेल तर ऑनलाइन भाव पाहा, तो कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, एम.जी. रोड भागातल्या दोन-तीन दुकानांत सांगा आणि थोडा फरक राहिला तर इथेच घ्या. बोर्ड पहिल्याच दिवशी बंद निघाला तर परत करायला रिक्षाने जाता येतं, याला किंमत आहे. संपूर्ण पीसी असेल तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने लॅमिंग्टन रोडला जाणं परवडू शकतं, पण येण्याजाण्याचा खर्च आणि वॉरंटीसाठीची दुसरी फेरी हिशेबात धरा. कुठेही घ्या, जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. ‘बिल नको, अठरा टक्के वाचतील’ या वाटेला जाऊ नका.

अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नातेवाइकांकडून कार्ड मागवण्याआधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का ते विचारा. अनेकांची प्रदेशापुरतीच असते.

१६. दिवाळी सेलपर्यंत थांबू का?

आहे तो पीसी चालत असेल तर थांबा. बंदच असेल तर थांबण्यात अर्थ नाही. दसरा-दिवाळीत एसएसडी, मॉनिटर, कीबोर्डवर खरी सूट दिसते, नव्या कार्डांवर कमी. नवी पिढी बाजारात आली की पहिले काही आठवडे भाव चढे असतात, पण जुन्या पिढीची वापरलेली कार्डं स्वस्त होतात. मोजक्या बजेटवाल्याने खरेदी तेव्हा करावी.

१७. गेमिंग लॅपटॉपमध्ये काय बदलता येतं?

बहुतेकांत रॅम आणि एसएसडी. सीपीयू आणि ग्राफिक चिप बोर्डवर डकवलेल्या असतात. दोन-तीन वर्षं झाली असतील तर पेस्ट बदलून आणि पंखे साफ करून मिळणारा फायदा कित्येकदा रॅमपेक्षा मोठा असतो. चार्जर मूळ वॅटचाच वापरा.

१८. नवीन कार्ड टाकलं आणि एफपीएस उलट कमी झाले. असं कसं?

चार शक्यता तपासा. जुन्या कार्डाचे ड्रायव्हर शिल्लक आहेत: डीडीयू (ड्रायव्हर साफ करणारं सॉफ्टवेअर) वापरून सेफ मोडमध्ये काढा, मग नवे टाका. कार्ड खालच्या लांब स्लॉटमध्ये बसलंय, जिथे बहुधा चारच लेन असतात: जीपीयू-झेडमधल्या बस इंटरफेसची ओळ गेम चालू असताना पाहा. तिसरी, कार्डच चार लेनचं आहे: आरएक्स ६५०० एक्सटी आणि ६४०० पीसीआय ३.० बोर्डवर चांगलीच मागे पडतात, जुन्या पीसीत ती घेऊच नयेत. चौथी इंटेलच्या आर्क कार्डांची. बी५८० चांगलं १२ जीबीचं कार्ड आहे, पण बोर्डवर रीसाइझेबल बार (सीपीयूला कार्डाच्या सगळ्या मेमरीपर्यंत एकदम पोहोचू देणारी सोय) नसेल तर त्याचा वेग बराच पडतो, आणि जुन्या सीपीयूसोबत ते इतर कार्डांपेक्षा जास्त मागे राहतं. दहाव्या पिढीच्या आधीच्या इंटेल सीपीयूसोबत ते घेऊ नका.

१९. १३व्या पिढीचा आय७ आहे. गेम ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ म्हणून बंद पडतो, पण कार्ड तर १२ जीबीचं आहे. मोठं कार्ड घेऊ का?

थांबा, कार्डाचा दोष नसण्याची शक्यता मोठी आहे. १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप सीपीयूंपैकी आय५ १३६००के पासून वरचे, तसेच आय७ आणि आय९, जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू बिघडत होते. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडचे (सीपीयूच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि नंतर ०एक्स१२बी. गेम पहिल्यांदा सुरू होताना शेडर तयार करतो तेव्हा सीपीयूवर सर्वाधिक ताण येतो, आणि बिघडलेला सीपीयू तिथे चुकीचं उत्तर देतो. संदेश मात्र व्हिडिओ मेमरीचा येतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना मध्येच बंद पडणं, मोठी झिप फाइल उघडताना चूक दाखवणं, या त्याच्याच खुणा.

बायोस अपडेट करून इंटेल डीफॉल्ट सेटिंग निवडा. तरीही गेम पडत असेल तर परफॉर्मन्स कोरचा (वेगवान कोरचा) गुणक, म्हणजे क्लॉक ठरवणारा आकडा, तीन-चार पायऱ्यांनी कमी करा. त्यानंतर गेम नीट चालू लागला तर सीपीयू बिघडलेला आहे हे जवळपास नक्की. मायक्रोकोड पुढचं नुकसान थांबवतो, झालेलं भरून काढत नाही, त्यामुळे सीपीयू वॉरंटीत बदलून घ्या. इंटेलने या मालिकांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली आहे. खोक्यात घेतला असेल तर इंटेलकडे थेट दावा करता येतो. ट्रे प्रकारचा, म्हणजे खोक्याशिवाय मिळालेला असेल, तर आधी बिल घेऊन दुकानदाराकडे जा. दोन्ही वेळी सीपीयूवरचे बॅच क्रमांक आणि सीरियल क्रमांक लागतात. पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यांचा स्पष्ट फोटो काढा, आणि कुरिअर करताना सीपीयू प्लास्टिकच्या मूळ शिंपल्यातच ठेवा. सॉकेट उघडं ठेवावं लागलं तर त्यावर काळं झाकण परत बसवा, त्यातल्या पिना बोटाच्या धक्क्यानेही वाकतात, आणि वाकलेली पीन वॉरंटीत धरत नाहीत.